‘ड्रॉंगो’ म्हणाला, म्हणजे नेमकं काय म्हणाला?

पत्र: ताई, मी मेलबर्नमध्ये शिकतोय आणि रात्रपाळीला एका वेअरहाऊसमध्ये काम करतो. मागच्या आठवड्यात मालाने भरलेलं एक पॅलेट मी चुकीच्या डॉकवर (ट्रक लागतो तिथे) लावलं. सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडला, ‘यू ड्रॉंगो!’ सगळे हसले. मला शब्द माहीत नव्हता. फोनवर शोधला तर पक्ष्याचा फोटो आला, आपला कोतवाल! काहीच कळेना. रूममेट म्हणाला, ‘काळा पक्षी आहे ना? मग रंगावरूनच बोलला तो. सोडू नकोस त्याला.’ रात्रभर झोप नाही. एचआरला मेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. त्यात काल ट्रक वेळेआधी भरून दिला, तर त्याच माणसाने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘नॉट बॅड, यू ओल्ड बास्टर्ड!’ हा शब्द मात्र मला पक्का माहीत आहे. आईवरून बोललेलं मी कुणाचं ऐकून घेत नाही. मेल पाठवू का?

प्रिय रात्रपाळीवाल्या,

आधी मेलचं. आज पाठवू नकोस. पुसूही नकोस, ड्राफ्टमध्ये पडू दे. तो कधी बाहेर काढायचा ते पुढे सांगते. पण ज्या दोन शब्दांवर तो मेल उभा आहे, त्यातला एक तुला माहीत नव्हता आणि दुसरा माहीत आहे असं तुला वाटतंय. माझ्या मते खरा घोळ दुसऱ्यातच आहे.

‘ड्रॉंगो’ आधी निकालात काढू. ऑस्ट्रेलियन बोलीत ड्रॉंगो म्हणजे बावळट, ठोंब्या, सांगितलेलं साधं काम उलटं करून ठेवणारा. सौम्य शब्द आहे, आणि थोडा जुन्या वळणाचाही. तिथे बाप मुलाला म्हणतो, चावी घरात विसरलेला माणूस स्वतःलाच म्हणतो, आडवी गाडी घालणाऱ्याला म्हणतात. वर्ण, देश, धर्म, कूळ, कशाकडेच त्याचा रोख नाही. पॅलेट चुकीच्या डॉकवर गेलं, त्या घटकेपुरता तू ड्रॉंगो ठरलास. इतकंच.

मग रूममेटचं गणित कुठे चुकलं? वरवर पाहता ते बिनचूक दिसतं, म्हणून तर तुझी झोप उडाली. शब्द पक्ष्याचा, पक्षी काळा, तू सावळा, म्हणजे बोलणं रंगावरून. पण हा हिशोब सुचायला माणूस आपल्याकडचाच लागतो, कारण तो फोटो पाहिला की आपल्याला तारेवर बसलेला, दुभंगलेल्या शेपटीचा काळाकुळकुळीत कोतवाल आठवतो. ‘ड्रॉंगो’ म्हणणाऱ्या मेलबर्नकराच्या डोक्यात पक्षी नसतोच. तुम्ही दोघं रात्रभर त्याच्या बोलण्याचा अर्थ लावत बसलात तो तुमच्या आठवणीतल्या पक्ष्यावरून.

आणि पक्ष्यावरूनच शिवी काढायची, तर कोतवालावरून कोण काढेल? घरट्याजवळ घार आली तरी तिच्या पाठी लागून तिला पिटाळून लावणारा पक्षी तो. बावळटपणाला पक्षीच हवा असेल तर ऑस्ट्रेलियन माणसाकडे ‘गलाह’ आहे, तिथला गुलाबी-करडा काकाकुवा. ‘यू फ्लेमिंग गलाह’ असं कधी कानावर आलं, तर दचकू नकोस, ‘ड्रॉंगो’चाच तो सख्खा भाऊ.

शब्द आला घोड्यावरून. पक्ष्याचं हे नाव मुळात मादागास्करच्या मालागासी भाषेतलं. 1920 च्या दशकात ऑस्ट्रेलियात याच नावाचा शर्यतीचा घोडा होता, बहुधा पक्ष्यावरूनच बारसं झालेला. घोडा अगदीच टाकाऊ होता असंही नाही. व्हिक्टोरिया डर्बीत तो दुसरा आला, 1924 च्या सिडनी कपमध्ये पाचवा. पैसे लावणाऱ्यांना वाटत राहायचं की आता जिंकेल, या खेपेला नक्की. 37 शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. तो निवृत्त झाल्यावर रेसकोर्सवरचे लोक असल्याच कमनशिबी घोड्यांना ड्रॉंगो म्हणायला लागले. हळूहळू कमनशिबीचं नालायक झालं आणि घोड्यांवरून शब्द माणसांवर आला. 1940 च्या दशकात हवाई दलात नव्याने भरती झालेल्या पोरांना ड्रॉंगो म्हणत. नवखा आहे, शिकतोय, घोळ घालणारच. तुझा सुपरवायझर तुला हाक मारत होता ती जवळजवळ याच अर्थाने.

फोनने तुला खोटं सांगितलं नाही. त्याने शब्दाचा अर्थ दाखवला, शिवीचा नाही दाखवला. उद्या एखादा ऑस्ट्रेलियन आपल्यात राहायला आला आणि कुणीतरी त्याच्यावर खेकसलं, ‘माठ आहेस का?’ तर त्याला शब्दकोशात पाणी गार करायचं भांडं सापडेल. ‘काय ध्यान आहे!’ ऐकून शोधलं तर योगी दिसेल डोळे मिटून बसलेला. ‘दिवटा’ शोधला तर दिवटी धरून चालणारा सेवक. ‘फार शहाणा आहेस’ या वाक्यातला तर एकेक शब्द तो बरोबर ओळखेल, आणि आभार मानून मोकळा होईल! अशा माणसाला तू काय सांगशील? ‘अरे, शब्द सोड, तो कुणी, कुणाला, कधी म्हणाला ते सांग,’ असंच ना? तुलाही तेच सांगायचंय.

अनोळखी शिवीत पहिली अडचण तर कानाचीच असते. तुला ‘ड्रॉंगो’ नीट ऐकू आलं हे तुझं नशीब. एरवी रात्रपाळी, फोर्कलिफ्टचा आवाज, तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस आणि ऑस्ट्रेलियन स्वर, ज्यात ‘टुडे’चं कधीकधी ‘टुडाय’ ऐकू येतं. अर्धवट ऐकलेली जागा आपलं मन भरून काढतं आणि मन तेव्हा घाबरलेलं असेल तर ते सगळ्यात वाईट शब्द उचलतं. जानेवारी 2008 मधली सिडनी कसोटी आठवते का? तू तेव्हा लहान असशील. हरभजनने ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप झाला, तीन कसोटींची बंदी आली. भारतीय बाजूचं म्हणणं होतं की तो हिंदीतून शिवी देत होता आणि ती सायमंड्सला ‘मंकी’ अशी ऐकू आली. अपिलाची सुनावणी अॅडलेडला न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे झाली. वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, बंदी उठली, पण शिवीगाळ केल्याबद्दल अर्धं मानधन दंड म्हणून कापलं गेलं. मैदानावर उच्चारलेल्या दोन-चार अक्षरांवरून दोन देशांची क्रिकेट मंडळं हमरीतुमरीवर आली होती. खरं काय घडलं यावर आजही लोक भांडतात, मला त्यात पडायचं नाही. तिथे साक्षीदार होते, पंच होते, तरी ही गत. मग डॉकवर एकट्याने ऐकलेल्या शब्दाबद्दल किती खात्री धरायची?

म्हणून एक सवय लावून घे. शब्द ऐकला की ब्रेकमध्ये लगेच फोनवर टिपून ठेव, देवनागरीत. जसा ऐकला तसा, स्पेलिंगच्या नादी न लागता. उच्चार टिपायला आपली लिपी फार कामाची आहे आणि इंग्रजीत लिहायला गेलास तर तुला येणाऱ्या एखाद्या शब्दाकडे हात आपोआप ओढला जाईल. एकटा शब्द नको, पूर्ण वाक्य हवं. आधी काय घडलं, तो कुणाकडे बघत होता, नंतर कोण काय बोललं, हेही दोन ओळींत. घरी येऊन मग दोन-तीन तऱ्हांनी स्पेलिंग करून शोध. शेवटी ‘ओ’ ऐकू आला म्हणून बिचकू नकोस. ऑस्ट्रेलियन माणूस ओ जोडून शब्द आखूड करतो, दुपारला ‘आर्वो’ म्हणतो, पेट्रोलपंपाला ‘सर्व्हो’, कामावरच्या मधल्या सुट्टीला ‘स्मोको’, कचरा नेणाऱ्याला ‘गार्बो’. यात कुणाचाही अपमान नाही. (‘ड्रॉंगो’तला ओ मात्र या घराण्यातला नाही, तो मादागास्करहूनच आलेला.)

शोधायचं कुठे, हे महत्त्वाचं आहे. भाषांतराचं अॅप फार तर ‘मूर्ख’ असं उत्तर देईल आणि तुझा प्रश्न जिथल्या तिथे राहील, कारण तुला अर्थापेक्षा शब्दाचं वजन हवंय. इंटरनेटवरची अर्बन डिक्शनरी 1999 पासून आहे आणि नवा शब्द तिथे सगळ्यात आधी सापडतो हे खरं, पण तिथे कुणीही काहीही लिहितं, अर्धे अर्थ मित्राची टर उडवायला लिहिलेले असतात. तिथे जा, पण तिथे थांबू नकोस. ऑस्ट्रेलियन शब्दांसाठी ‘मक्वारी डिक्शनरी’ आहे, 1981 पासूनची. त्याहून खोलात जायचं तर कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शब्दांचं केंद्रच आहे. ‘ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी’ त्यांचीच, पहिली आवृत्ती 1988 ची, दुसरी 2016 ची. शब्द कधी, कुठे, कोणत्या वाक्यात छापला गेला ते त्यात सालवार दिलेलं असतं. जगभरच्या इंग्रजी बोलींमधल्या शिव्यांसाठी जोनाथन ग्रीन यांचा तीन खंडांचा कोश आहे, 2010 मध्ये छापलेला, 2016 पासून ऑनलाइन. ही उदाहरणाची वाक्यंच वाच, व्याख्या मागाहून. चार-सहा वाक्यं वाचलीस की कोण कुणाला म्हणतंय ते आपोआप कळायला लागतं.

शब्दापुढे तिरक्या अक्षरांत एखादा शेरा असतो, त्यावरून नजर सरकू देऊ नकोस. ‘डेरोगेटरी’ असेल तर बोलणारा समोरच्याला कमी लेखतोय. ‘ऑफेन्सिव्ह’ असेल तर ऐकणाऱ्याला तो लागतो, बोलणाऱ्याचा हेतू काहीही असो. दोन्ही शेरे एकत्र दिसले तर सावध हो. ‘ह्यूमरस’ किंवा ‘अफेक्शनेट’ असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटली.

आणि देश बघ. एकाच शब्दाचं वजन देश बदलला की बदलतं. ‘वॉग’ घे. ब्रिटनमध्ये तो सावळ्या-काळ्या माणसाला दिलेला अतिशय घाणेरडा शब्द. ऑस्ट्रेलियात तो मुख्यतः ग्रीक, इटालियन वगैरे स्थलांतरितांना चिकटवला गेला, त्यांना तो झोंबलाही, पण पुढे त्यांच्याच मुलांपैकी काहींनी तो स्वतःसाठी मिरवायला घेतला. वर कुणी म्हणालं, ‘मला वॉग झालाय’, तर त्याला ताप किंवा पोटाचा काही विकार झालाय! ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणारी ऑफकॉम ही संस्था तर लोकांनाच विचारून कोणता शब्द किती लागतो याचे अहवाल काढते, 2016 चा आणि 2021 चा अहवाल वाचण्यासारखा आहे. पण तो ब्रिटनचा तराजू. त्याने मेलबर्नचं माप करायला जाऊ नकोस.

आता तुझा दुसरा शब्द, जो तुला पक्का माहीत आहे.

‘बास्टर्ड’ तू बहुधा शाळेत शिकलास, चोरून. अर्थ ‘अनौरस’, आणि त्याचं जे मराठी तोंडावर येतं ते उच्चारलं तर हाणामारी ठरलेली. ऑस्ट्रेलियात मात्र हा शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय. ‘पुअर बास्टर्ड’ म्हणजे बिचारा. ‘लकी बास्टर्ड’ म्हणजे नशीबवान लेकाचा. ‘ओल्ड बास्टर्ड’, तेही पाठीवर थाप मारून आणि काम फत्ते झाल्यावर, म्हणजे आपल्यातला मानलं तुला. आपला ‘साल्या’ आठव. मित्र पहिला आला की ‘साल्या, मारलीस की बाजी!’ म्हणतोस ना तू? त्याच्या बहिणीचा विषय तुझ्या डोक्यातही नसतो.

यावर ऑस्ट्रेलियन लोक एक किस्सा आवडीने सांगतात. 1932-33 ची बॉडीलाइन मालिका, फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्यावरून गाजलेली. इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन तक्रार घेऊन ऑस्ट्रेलियाच्या ड्रेसिंग रूमच्या दारात उभा राहिला, तुमच्यातल्या कुणीतरी मला बास्टर्ड म्हटलं म्हणून. दार उघडणाऱ्या व्हिक रिचर्डसनने म्हणे मागे वळून विचारलं, ‘बास्टर्डांनो, तुमच्यातला कोण या बास्टर्डला बास्टर्ड म्हणाला?’ किस्सा तिखटमीठ लावलेला असेल, पण तो इतकी वर्षं टिकलाय यातच काय ते आलं.

आपल्या बाजूलाही हा शब्द एकदा जड गेला होता आणि तोही त्याच 2008 च्या सिडनी कसोटीत. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड हॉगने कुंबळे आणि धोनीला उद्देशून हा शब्द वापरल्याची तक्रार भारतीय संघाने केली. एका बाजूला तो घरातला शब्द, दुसऱ्या बाजूला आईचा अपमान, आणि आपापल्या जागी दोघंही खरे. कुंबळेने पुढे तक्रार मागे घेतली. हॉगचा हेतू काय होता हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण तुझ्या सुपरवायझरच्या थापेत वाईट हेतू मला तरी दिसत नाही. दातओठ खाऊन कुणी पाठ थोपटत नाही.

मग तुला तो इतका का लागला? 2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅथरिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले अर्वाच्य शब्द आणि लहानपणी खाल्लेल्या रागावणीची वाक्यं ऐकवली-दाखवली आणि त्या वेळी त्वचेवर होणारा सूक्ष्म बदल यंत्राने मोजला. तुर्कीतल्या रागावणीने अंग जास्त शहारलं, इंग्रजीतल्या तशाच वाक्यांनी त्या मानाने कमी. मातृभाषेतली शिवी अंगाला लागते, शिकलेल्या भाषेतली बरीचशी कानावरच राहते. तुला ‘बास्टर्ड’ लागला तो इंग्रजीतून लागलाच नाही, मनातल्या मनात त्याचं मराठी झालं आणि मग लागला. याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. इंग्रजी शिव्या आपल्याला हलक्या वाटतात म्हणून आपण त्या सहज फेकतो आणि समोरच्याच्या अंगाला तिथे आग लागते. म्हणून मैत्री पक्की होईपर्यंत सुपरवायझरला उलट ‘यू ओल्ड बास्टर्ड’ म्हणायला जाऊ नकोस. कुठली शिवी, कुणाला आणि कुठल्या सुरात, हे तिथे वाढलेल्यांना न शिकवता येतं, आपल्याला बघून बघून शिकावं लागतं.

बरं, तिथे चालतं म्हणून तुलाही चाललंच पाहिजे, असं मी म्हणत नाही. आईवरून नको असेल तर नको. त्याला एकट्याला गाठून, हसतमुखाने सांग, ‘कॉल मी अ ड्रॉंगो एनी टाइम, मेट, बट नॉट दॅट अदर वन. बॅक होम इट्स अबाउट युअर मदर.’ बरा माणूस असेल तर ओशाळेल आणि पुन्हा म्हणणार नाही. हे सांगितल्यावरही मुद्दाम म्हणत राहिला, तर मात्र तो शब्द गुळगुळीत राहिला नाही. मग तुझ्यासाठी त्याचा अर्थ तोच जो तुझ्या आईला लागेल.

अर्थ समजून घ्यायला माणसांनाही विचार, पण प्रश्न बदल. ‘ड्रॉंगोचा अर्थ काय?’ विचारलंस तर ‘इडियट’ असं उत्तर मिळेल आणि तू पुन्हा होतास तिथेच. असं विचार: ‘हा शब्द तू कुणाला म्हणशील आणि कुणाला कधीच म्हणणार नाहीस?’ आजीला? बॉसला? शेजारच्या लहान पोराला? अनोळखी माणसाला बसमध्ये? ज्याने विचारही केलेला नसतो तोही या प्रश्नाला थांबतो, विचार करतो आणि खरं उत्तर देतो. ‘पोराला म्हणेन, बॉसला तोंडावर नाही म्हणणार,’ असं म्हणाला की शब्दाचं वजन तुझ्या हातात आलं. विचारायचं स्मोकोमध्ये, तिथे जन्मलेल्या आणि त्या भांडणात नसलेल्या एखाद्याला. शक्य झालं तर दोघांना, एक तरुण आणि एक वयस्क, कारण पिढीगणिक उत्तर फिरतं. आणि विचारताना शब्द ज्या सुरात ऐकलास त्याच सुरात म्हणून दाखव.

सूर सगळ्यात शेवटी सांगतेय, पण पहिल्या दिवशीच बघायला हवा होता. ऑस्ट्रेलियात ‘मेट’ म्हणजे दोस्त, हे कुणीही सांगेल. पण ‘लिसन, मेट’ असं कुणी थंडपणे, एकेक शब्द तोडून म्हणालं तर ते भांडणाचं तोंड असू शकतं. तिथे शिवीत प्रेम आणि दोस्तीच्या शब्दात धमकी, दोन्ही सापडतं. म्हणून तू आठवून बघ: ‘यू ड्रॉंगो’ म्हणाल्यावर त्याने काय केलं? योग्य डॉक दाखवला? पॅलेट हलवायला हात लावला? की तोंड फिरवून गेला? पत्रात तू हे लिहिलेलं नाहीस आणि मला शब्दापेक्षा तेच जास्त हवं होतं. आणखी एक: येत्या आठवड्यात कान उघडे ठेव. तो हेच शब्द आणखी कुणाला म्हणतो? सगळ्यांनाच म्हणत असेल तर तो त्याचा स्वभाव. फक्त तुला आणि तुझ्यासारख्या बाहेरून आलेल्या पोरांना म्हणत असेल, तर शब्द सौम्य असूनही प्रकरण सौम्य नाही. शब्दकोशात ते सापडणार नाही, ते तुलाच बघावं लागेल.

आता ड्राफ्टमधला तो मेल कधी काढायचा. शब्दाचा रोख तू काय केलंस याकडून तू कोण आहेस याकडे वळला की काढायचा. ‘करी-मंचर’ हे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये दक्षिण आशियाई लोकांना हिणवायला वापरलेलं नाव आहे, त्यात गंमत शोधत बसू नकोस. ‘आलास तिथे परत जा’ या सुराचं काही असेल तर तेही. तुझ्या धर्मावरून, उच्चारावरून, वासावरून, रंगावरून बोलणं, एकदाच झालं तरी सांगायचं. वंश, रंग किंवा मूळ देशावरून बोलण्याविरुद्ध तिथे 1975 चा रेशियल डिस्क्रिमिनेशन अॅक्ट आहे आणि ऑस्ट्रेलियन ह्यूमन राइट्स कमिशनकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. साध्या अपमानाचं वेगळं. कामावरचा छळ थांबवण्यासाठी 2014 पासून फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे कामाच्या जागचे वाद ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज करता येतो, पण कायद्याला तिथे पुन्हा पुन्हा होणारं, अवाजवी आणि आरोग्याला-सुरक्षिततेला धोका पोचवणारं वागणं हवं असतं. एका पॅलेटवरून एकदा आलेला ‘ड्रॉंगो’ त्यात बसत नाही. रोज सगळ्यांदेखत, महिनाभर, फक्त तुलाच, तर बसू शकतो. मग तुझ्या त्या दोन-दोन ओळींच्या टिपणांची किंमत कळेल.

रूममेटशी भांडू नकोस. त्याने एका शब्दाबद्दल चूक केली, पण तो तुझ्या बाजूने उभा राहिला, आणि कोण जाणे, त्याने स्वतः काय काय ऐकलेलं असेल. इतक्या चटकन कुणाच्या मनात रंग येत नाही. त्याला घोड्याची गोष्ट सांग आणि एकदा विचार, तुला कोण काय म्हणालं होतं रे? कदाचित मेल त्यालाच लिहायचा असेल.

आणि लिहायची वेळ आलीच, तुझ्यावर किंवा त्याच्यावर, तर ‘त्याने माझा अपमान केला’ हे वाक्य मेलमधून काढून टाका. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही आणि समोरचा ‘मी तर गंमत करत होतो’ म्हणून सुटतो. तारीख, वेळ, कुठला डॉक, कोण कोण हजर होतं आणि तोंडून निघालेला शब्द, अक्षर न अक्षर, कितीही ओंगळ असला तरी फुल्या न घालता. खाली एक ओळ: ‘हे पुन्हा होऊ नये अशी माझी विनंती आहे.’ एवढं पुरे.

तुझी,
ताई